पाण्याचा दगड

विहिरीत दोर तीन हात जास्त सोडावा लागू लागला, तेव्हा थोरलीने करवतीखालचे पाणी फेकणे बंद केले. दगड कापताना पात्यावर पाण्याची धार लागते. ती तुटली तर पाते तापते आणि दगडाला तडा जातो. आधी ते पाणी चरातून परसात जायचे. आता ती ते पत्र्याच्या पेटीत साठवायची, गाळ खाली बसू द्यायची आणि वरचे पुन्हा पात्यावर सोडायची. पाचव्या फेरीला ते चुना कालवल्यासारखे पांढरे व्हायचे. त्या पाण्यात हात राहून तिच्या बोटांची टोके चिरली होती. जेवताना मीठ लागले की ती हात झटकायची.

करवतीशी तिचा नवरा बसायचा. सगळे त्याला थोरला म्हणत, म्हणून ती थोरली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्यावर पडदा आला, मग डाव्या. आता त्याला उजेड-अंधार कळायचा, माणूस आणि खांब यांतला फरक कळायचा नाही. एकदा त्याने छपराच्या खांबाला "बस की" म्हटले होते आणि धाकट्या भावाने ती गोष्ट गावभर केली होती. पण पाते दगडात कुठवर शिरले आहे हे थोरल्याला आवाजावरून समजायचे. दगड आरपार व्हायच्या जरा आधी आवाज बारीक होतो, तेव्हा तो हात सैल सोडायचा. डोळे गेल्यापासून त्याच्या हातून एकही चकती मोडली नव्हती.

कापणे त्याचे, घासणे तिचे. खाणीवरून दगड निवडून आणणे मात्र दोन वर्षे धाकट्याकडे होते. आणि अडचण तिथेच होती. करवत एक आणि भाऊ दोन. वडील जाताना सांगून गेले होते की जो दगड आणील त्याच्या छपरात करवत राहील. दोन वर्षे धाकट्याने या बोलण्याचा विषय काढला नव्हता. आता त्याने अंगणात नवे छप्पर घातले होते, खाली सिमेंटची जमीन केली होती, आणि जमिनीतून चार बोल्ट वर काढून ठेवले होते. ते कशासाठी हे कुणी विचारले नाही.

अशात दिवेवाला आला. दगडाच्या पातळ चकत्या लावून तो दिवे करायचा. त्याने फडक्यात गुंडाळलेली एक चकती थोरल्याच्या हातात ठेवली.

"ही तुझीच. चार वर्षांपूर्वीची. ओळखलीस?"

थोरल्याने अंगठा फिरवला. "हो. कडेला खोच आहे. तेव्हा पातं नवीन होतं."

"हिला जोडीदार हवा. गिऱ्हाईक म्हणतं, एकच दिवा काण्या माणसासारखा दिसतो."

म्हटल्यावर त्याच्या लक्षात आले आणि तो खाकरला. थोरला हसला. "बोल की. मी तर काणाही राहिलो नाही."

थोरलीने चकती घेतली. हातात ती जुन्या नखासारखी दिसत होती, मळकट पांढरी. दिवेवाल्याने तिचे मनगट धरून चकती उन्हासमोर नेली आणि तिच्यात एकदम लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे उमटले. तिने हात खाली घेतला तर पुन्हा नख. हे तिने चार वर्षांपूर्वीही पाहिले होते. तेव्हाही तिला कळले नव्हते की रंग जातात कुठे.

"बारा दिवसांनी दुपारी येतो," म्हणून दिवेवाला गेला.

धाकटा खांबाला टेकून उभा होता. "असा दगड मला ओळखता येत नाही. खोटं कशाला बोलू? लाल आण म्हणा, मधाच्या रंगाचा आण म्हणा, आणतो. हा दादालाच ओळखू यायचा."

"हिला सांगतो," थोरला म्हणाला. "ही आणील."

"वहिनी?" धाकट्याने बायकोकडे पाहिले. धाकटी दारात उभी होती, तिने तोंडावर हात घेतला. "वहिनी, राग मानू नका, पण तुम्ही एकदा साबण म्हणून गारगोटी उचलली होती."

"अंधार होता तेव्हा."

"दगडाच्या पोटात अंधारच असतो. बरं, आणा. सरळ बोलतो, दादा. वहिनींच्या दगडात रंग दिसला तर करवत इथंच राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिसला तर मी उचलून नेतो. तू खुशाल खाटेवर बसून राहा. खाटेला पातं नसतं."

 थोरल्याचा हात करवतीच्या लोखंडी मुठीवर होता, तो तिथेच राहिला. थोरलीला एवढे कळले की करवत गेली तर हा माणूस महिन्याभरात सुकून जाईल. बाकी काही कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिदोरी बांधत असताना तो सांगायला बसला.

"पाणी बघ."

"कुठलं पाणी?"

"दगडाचं. ज्याला पाणी आहे तो घे. रंगाकडे बघू नको."

"पण आपल्याला रंगच हवाय ना?"

"म्हणूनच बघू नको. जो वरून रंगीत दिसतो तो आतून तेवढाच असतो. पांढरा बघ. राखाडी असला तरी चालेल."

"पांढरा की राखाडी?"

"कुठलाही. पण नुसता पांढरा नको. त्यात रेषा हव्यात. केसाहून बारीक. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत अशा."

तिने गाठ मारता मारता हात थांबवला. "डोळ्यांना दिसणार नाहीत त्या मी बघू कशानं?"

"अगं, तुला सांगायचं म्हणजे..." तो चिडला आणि मध्येच थांबला. चिडून उपयोग नाही हे दोघांनाही माहीत होते. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बाकी सगळं विसर. पाणी तेवढं लक्षात ठेव. पाणी असलं की बाकीचं आपोआप असतं."

ती वाटेने तेच घोकत गेली.

खाण म्हणजे टेकडीच्या कुशीचा कोरलेला भाग होता. तिथे दगड पैशाने मिळत नसे. आठ दिवस मातीच्या पाट्या वाहायच्या आणि नवव्या दिवशी ढिगातून एक दगड न्यायचा, दोन हातांत मावेल एवढा, आपल्या पसंतीचा. ढिगावर दगड पायाने किंवा हाताने लोळवून पाहायला हरकत नव्हती, पण उचलला की उचलला. उचलून खाली ठेवला तर दगडही गेला आणि दिवसही गेले.

मुकादमाने वहीत खूण केली. "थोरल्याची बायको ना तू? तो नाही आला?"

"डोळ्यांनी दिसत नाही त्यांना."

"मग तुला दिसतं होय? बघू या."

पहिल्या दोन दिवसांत तिला काही पाहायला सवडच झाली नाही. माती भरायची, पाटी डोक्यावर घ्यायची, उतारावरून साठ पावले खाली जायचे, रिकामी करायची, वर यायचे. माती कोरडी होती, प्रत्येक पाटीबरोबर तिची भुकटी मानेवर सांडायची आणि घामाने चिकटायची. चुंबळीखाली टाळूचे केस घासले गेले. तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा उतरताना कटकट वाजू लागला. पिण्याचे पाणी दिवसातून दोनदा मिळे, माणशी एक तांब्या.

जेवणाच्या सुटीत बाकीच्या बायका सावलीत पडत. ती ढिगाशी जाऊन बसे. दगडांची साल सगळ्यांची सारखीच, चिकणमातीच्या रंगाची. पण खणताना कुदळ लागून कुणाची कपची उडालेली असे, तिथे आतले दिसे. ते कोरडे असताना सगळे मेल्यासारखे. तिच्याकडे ओले करायला पाणी नव्हते. तिने वाकून एकाला जीभ लावली. लागलीच आतला मधाचा रंग वर आला. दुसऱ्याला लावली, त्यात लाल कडी दिसली. तिसरा जांभळट निघाला. ती गोंधळून गेली. एकाला नको म्हणावे तर दुसरा पहिल्याहून देखणा, आणि नवऱ्याने तर देखणे घेऊ नको म्हणून बजावलेले. दहा-बारा दगड झाल्यावर जीभ खरखरीत झाली आणि सगळेच सारखे वाटू लागले.

"अगं ए, भूक लागली का?" मुकादम वरून ओरडला. सावलीतल्या बायका उठून बसल्या. "शिदोरी नाही आणलीस?"

त्या दिवसापासून तिचे नाव चाटणारी पडले. "चाटणारीला पाटी द्या." "चाटणारे, बाजूला हो." एकदा ती ढिगाशी रेंगाळली म्हणून मुकादमाने तिचा अर्धा दिवस धरला नाही. तो तिला नवव्या दिवशी सकाळी भरून द्यावा लागला.

एक म्हातारी पाटीवाली तेवढी तिच्याशी नीट बोलायची. तिचे सगळे आयुष्य खाणीवर गेले होते. थोरलीने तिला विचारले, "मावशी, पाणी असलेला दगड कसा असतो हो?"

"तो तुला कशाला? तो शोधून मिळत नाही."

"पण असतो?"

"असतो तर. मी दोन बघितलेत. नशिबात असला तर तो आपणहून बोलतो."

थोरलीला हे नवऱ्याच्या सांगण्यापेक्षा जरा समजले. निदान बोलतो हे तरी कळण्यासारखे होते.

नवव्या दिवशी अर्धा दिवस भरून ती ढिगाकडे गेली. मुकादम वही घेऊन मागे उभा राहिला, बायकाही जमल्या. एक राखाडी दगड तिने आदल्या दिवशी हेरून ठेवला होता. त्याची कपची उडालेली कड फार गुळगुळीत होती, आणि नीट पाहिले तर तिथे रेषा आहेत असे वाटायचे. पुन्हा पाहिले तर नाहीत असे वाटायचे. ती त्याच्यापुढे बसली. डोळ्यांत घाम उतरला. रेषा आहेत, नाहीत, आहेत.

"झालं का?" मुकादम म्हणाला. "का चटणी आणू?"

बायका हसल्या. ती जागेवर सरकली तशी तिच्या टाचेने मागचा एक गोल दगड घरंगळला आणि त्याच्यातून आवाज आला. डुबुक.

बायकांच्या माना वळल्या. तिने तो दगड तळव्याने पुढे लोळवला. डुबुक. मागे लोळवला. डुबुक.

"पाण्याचा दगड!" म्हातारी पुढे धावली. "अगं, पोटात पाणी आहे त्याच्या. बोलला बघ तुला!"

मुकादमाने वही काखेत मारली. "माझ्या देखत हा तिसरा," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "बाई, नीट विचार कर बरं का."

विचार कसला करायचा? नवऱ्याने एकच गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती. तिने राखाडी दगडाकडे पुन्हा पाहिलेही नाही. गोल दगड दोन्ही हातांनी उचलला आणि पोटाशी धरला. घरापर्यंतच्या वाटेवर तो प्रत्येक पावलाला डुबुकत होता.

धाकटा आणि धाकटी अंगणात वाट पाहत होते. थोरलीने दगड नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. त्याने सालीवरून बोटे फिरवली, वजन घेतले. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने दगड हलवला.

"हे काय?"

"पाणी. तुम्ही म्हणालात तसं."

त्याने दगड पुन्हा एकदा हलवला. धाकटा आधी नुसता पाहत राहिला, मग गुडघ्यावर थाप मारून हसायला लागला. हसता हसता खाली बसला.

"पाणी म्हणजे तेज गं," थोरला शेवटी म्हणाला. "मोत्याचं पाणी म्हणतात, तसं."

"मग तेज म्हणायचं."

"आमचे वडील पाणीच म्हणायचे."

"मी तुमच्या वडिलांच्या हाताखाली शिकले नाही!" तिचा आवाज चढला. आठ दिवसांत पहिल्यांदाच चढला. "दोन महिने या घरात पाणी, पाणी चाललंय. पेटीतलं पाणी, विहिरीतलं पाणी, हंड्यातलं पाणी. त्यात तुम्ही म्हणता पाणी बघ. मी दुसरं काय बघणार होते?"

थोरल्याने दगडावर हात ठेवला.

"बरोबर आहे वहिनींचं," धाकटा डोळे पुसत म्हणाला. "सांगितलं ते आणलं. दादा, मी परवा सकाळी दोर घेऊन येतो."

"आधी कापू दे," थोरला म्हणाला.

"पोकळ दगड कापून काय मिळणार?"

"ते कापल्यावर कळेल. परवापर्यंत करवत माझ्याकडे आहे ना?"

करवत विजेवर चालायची, आणि वीज दुसऱ्या दिवशी सकाळी आली. थोरल्याने दगड कानाशी धरून खिळ्याने टकटक करत सगळीकडून ऐकला. एका अंगाला आवाज घुमायचा, दुसऱ्या अंगाला बसका यायचा. बसक्या बाजूला त्याने बोट ठेवले. "इथं तीन बोटं भरीव आहे. तेवढ्यात काय ते."

थोरली पेटीशी बसून पाण्याची धार सोडू लागली. धाकटी वाटी घेऊन आली होती. दगडाच्या पोटातले पाणी कसे असते ते तिला पाहायचे होते. साल उतरली. पहिली चकती उतरली. दुसऱ्या चकतीला पाते शेवटाला आले आणि आवाज बारीक व्हायच्या ऐवजी एकदम मोकळा झाला. थोरल्याने हात सैल सोडला. धाकटीने वाटी पुढे केली, पण पात्याखालून सगळेच पाणी पांढरे येत होते. त्यात आतले किती आणि पेटीतले किती, काही समजले नाही. धाकटी वाटीत पाहत राहिली आणि मग तिने ती पेटीतच ओतली.

चकत्या बोटाच्या पेराएवढ्या जाड होत्या. थोरली काचेवर कुरुंदाची पूड पसरून त्या घासायला बसली. तळहाताने दाबायचे, गोल फिरवायचे, धुवायचे, चिमटीत धरून जाडी पाहायची. थोरला मधून मधून हात पुढे करायचा, ती चकती त्याच्या चिमटीत द्यायची आणि तो म्हणायचा, "जाड आहे." दुपारी म्हणाला, "जाड आहे." ऊन कलल्यावर पहिली चकती तिच्या तळव्याखाली कट्कन मोडली. तो आवाज त्यानेही ऐकला.  तिने तुकडे बाजूला सारले आणि दुसरी घेतली. तिच्या चिरलेल्या बोटांतून रक्त येऊन पुडीत गुलाबी डाग पडला होता. उजेड होता तोवर ती घासत राहिली. शेवटी थोरल्याने चकती चिमटीत धरली आणि नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोर होता. धाकटी ओला फडका घेऊन मागे होती. करवत पुसून न्यायची असा तिचा बेत असावा. थोरली छपराच्या दाराशी चकती घेऊन उभी होती. ऊन नुकतेच कुंपणावर आले होते. चकती नखासारखी मळकट पांढरी होती.

तिने ती उन्हासमोर धरली. पांढरी. थोडी कलती केली. पांढरीच. आतून थोरला म्हणाला, "उजेड पलीकडे असू दे. दगड स्थिर ठेव, डोळा हलव."

तिने मान थोडी डावीकडे नेली. आणि चकतीच्या कडेला लाल रेघ फुटली, तिच्यामागून हिरवी.

"दिसला!"

"काय?"

"रंग! हे बघा भावोजी, लाल, हिरवा..."

धाकटा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "कुठाय?"

"हा काय."

"पांढरं आहे, वहिनी."

तिने त्याच्याकडे वळून पाहिले आणि पुन्हा चकतीकडे पाहिले, तोवर रंग गेला होता. "आत्ता होता. इथं कडेला."

"आठ दिवस उन्हात होता तुम्ही," धाकटा म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "माझ्याही डोळ्यांपुढे नाचतात असे रंग. डोळे मिटले तरी दिसतात."

तिने डोळे मिटून पाहिले. खरेच लाल, हिरवे ठिपके तरंगत होते. मग मघाशी पाहिले ते काय होते? चकतीत होते की डोळ्यांत? तिला सांगता येईना. आतून थोरला विचारत होता, "आहे का? अगं, आहे का नाही?" आणि तिच्या तोंडून हो निघत नव्हते, नाहीही निघत नव्हते.

"आणा इकडे." धाकट्याने दोर खाली टाकला, चकती घेतली आणि उन्हाकडे तोंड करून ती वीतभर लांब धरली. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटून पाहिला. बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

"काही नाही," तो म्हणाला.

थोरली त्याच्या बाजूला उभी होती. त्याच्या गालावर, डोळ्याच्या खाली, बोटाएवढा पट्टा पडला होता. वर जांभळा, मग हिरवा, पिवळा, आणि जबड्याशी लाल. ती पाहत राहिली. सांगावे तर डोळ्यांपुढे रंग नाचतात म्हणेल. आणि ज्याला खरेखोटे करायचे तो आत मुठीवर हात ठेवून बसलेला, त्याला भिंतही दिसत नाही.

"काही नाही, दादा," धाकटा मोठ्याने म्हणाला. "साधा दगड आहे."

"अहो, गालाला काय लावून घेतलंत?" धाकटी पुढे आली. "सकाळी तोंड धुतलंत की नाही?" तिने त्याची हनुवटी धरली आणि ओल्या फडक्याने गाल पुसला. पट्टा फडक्यावर आला. तिने फडका काढला तर पुन्हा गालावर. तिने जोर लावून घासले.

"निघत नाही," ती म्हणाली.

"काय निघत नाही?" आतून थोरल्याने विचारले.

धाकटा हलला नाही. चकती त्याच्या हातात तशीच उन्हासमोर होती. बायको एकदा गालाकडे पाहत होती, एकदा फडक्याकडे.

"काय निघत नाही रे?"

"रंग, दादा," धाकटा म्हणाला.